‘काही आढळले नाही’ ही नोंद : अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनींवरील पुरातत्त्व सर्वेक्षण

गोदातीर (धागालेखिका)

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर विचारणा झाली होती की, पुण्यात पुरातत्त्व शिकून अमेरिकेत गेलेली माणसे तिथे नेमके काय काम करतात. तिथे विषयांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी पुण्यात शिकले, लग्नानंतर इकडे आले, इथे पुन्हा पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेले आठ हंगाम नेव्हाडा आणि युटा या दोन राज्यांत सर्वेक्षण पथकात फील्ड टेक्निशियन म्हणून काम करते आहे.

पुरातत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आखीव चौकोनी खड्डे, ब्रश आणि खापरांनी भरलेल्या टोपल्या येतात. माझ्या वाट्याला असे दिवस फार थोडे आले. बाकीचे सगळे दिवस चालण्याचे. नेव्हाडातली सुमारे 80 टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि तिचा मोठा भाग ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. देशभरात मिळून या खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे. फॉरेस्ट सर्व्हिसची सुमारे 19.3 कोटी एकर जमीन निराळी. या जमिनीवर कोणाला खाण खणायची असो, विजेची लाईन न्यायची असो, सौर प्रकल्प उभारायचा असो किंवा गुरांसाठी साधे कुंपण घालायचे असो, परवानगी देण्यापूर्वी खात्याला 1966 च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम 106 प्रमाणे तिथल्या वारशावर काय परिणाम होईल, याचा विचार करावा लागतो. जे आहे ते वाचवलेच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही, आणि हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. पण विचार करायचा तर तिथे काय आहे हे आधी माहीत हवे, आणि ते माहीत होण्यासाठी कोणीतरी ती जमीन पायाखालून घालावी लागते. ते आमचे काम, आणि आम्हाला नेमणाऱ्या खासगी कंपनीला त्याचे पैसे परवानगी मागणाराच देतो.

चार-सहा जण एका ओळीत उभे राहतो, दोघांमधले अंतर सहसा 30 मीटर. प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातून, नजर जमिनीवर ठेवून, नागमोडी पण दिशा न सोडता पुढे जायचे. टोकाला पोचल्यावर सगळी ओळ सरकते आणि परत फिरते. एक मैल लांब आणि एक मैल रुंद तुकडा, म्हणजे 640 एकर, अशा रीतीने पुरा करायला सुमारे 54 पट्टे पडतात. पाच जणांचे पथक असेल तर प्रत्येकाचे 17 किलोमीटरच्या वर चालणे होते, आणि वाटेत काहीही सापडले नाही असे धरून केलेला हा हिशेब आहे.

काही सापडले की हाक द्यायची, आणि सगळी ओळ जागच्या जागी थांबते. तारेच्या काडीवरची छोटी झेंडी त्या वस्तूशेजारी टोचायची आणि गुडघे टेकून आजूबाजूला शोधायचे. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. तिची हत्यारे घडवताना उडालेला एखादाच छिलका असेल तर ती ‘सुटी वस्तू’ म्हणून दोन ओळींत नोंदली जाते. पण झेंड्या वाढत गेल्या आणि त्यांचा आकार दिसू लागला, तर ती ‘साइट’ ठरते. मग हद्द, नकाशा, छायाचित्रे, बाणाग्रांची रेखाटने आणि भरपूर कागद. प्रत्येक साइटला क्रमांक मिळतो व त्याची सुरुवात राज्याच्या आकड्याने होते. राज्ये वर्णानुक्रमे मोजलेली आहेत, त्यामुळे नेव्हाडा 26 आणि युटा 42. अलास्का आणि हवाई ही राज्ये 1959 साली सामील झाली, म्हणून ती वर्णानुक्रम सोडून शेवटी, 49 आणि 50 वर आहेत.

पन्नास वर्षांहून जुने असेल ते नोंदण्याजोगे, असा इथला सर्वसाधारण दंडक असल्यामुळे गंजलेले डबेही आम्ही मोजतो. पहिल्या हंगामात मला हे पटत नव्हते. आता एखादा डबा हातात घेऊन त्याच्या झाकणाच्या मध्यावर झाळलेला डाखाचा ठिपका दिसला की थांबावेसे वाटते. असे डबे भरून झाल्यावर झाकणाचे छिद्र त्या थेंबाने बंद करत असत. 1904 नंतर दुमडून शिवलेल्या कडांचे डबे आले आणि हळूहळू ठिपकेवाले मागे पडले. शेजारी जांभळट काच पडलेली असली तर काळ आणखी पक्का होतो. काचेचा हिरवट रंग जावा म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत तिच्यात मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात पडून राहिली की जांभळी होते. एका जागी असे अकरा डबे, एक बूट आणि चुलीचे तीन दगड मिळाले होते. त्या माणसाने तिथे किती दिवस काढले असतील, याचा अंदाज बांधण्यात आमची दुपार गेली.

मला मुख्यतः लिहायचे आहे ते मात्र निराळ्याच नोंदीबद्दल. बहुतेक पट्ट्यांत काहीच सापडत नाही, आणि ‘काही आढळले नाही’ ही आम्ही सर्वांत जास्त वेळा करत असलेली नोंद आहे. सापडलेली साइट कोणीही पुन्हा जाऊन तपासू शकतो. रिकाम्या म्हणून नोंदलेल्या जमिनीकडे सहसा कोणी परत जात नाही. तिथे यंत्रे येतात. पहिल्याच हंगामात एका संध्याकाळी माझ्या पट्ट्यात एक खोल, कोरडा ओहोळ आडवा आला. कडा ठिसूळ होती, पाय दुखत होते. मी वळसा घालून पलीकडे गेले आणि पट्टा पूर्ण झाल्याचे सांगितले. रात्री आमच्या पथकप्रमुखाने सर्वांच्या जीपीएसच्या रेषा संगणकावर पाहिल्या. माझ्या रेषेतला बाक त्यांच्या लक्षात आला. सकाळी ते मला काही न बोलता त्या ओहोळाशी घेऊन गेले. पलीकडच्या उभ्या काठात, माझ्या कमरेच्या उंचीवर, कोळशाचा काळा थर आणि आगीने तडकलेले दगड दिसत होते. ती एक जुनी चूल होती. त्यांनी झेंडी माझ्या हातात दिली. त्या चुलीवर आदल्या संध्याकाळी मी ‘काही नाही’ असे लिहून मोकळी झाले होते.

मोजणीदार

लेख मनापासून आवडला. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम करून निवृत्त झालो. आमच्या आधीच्या पिढीने शंकू-साखळीने मोजण्या केल्या. साखळी 33 फुटांची, आणि 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा. तुमचा हा एक मैलाचा चौकोन वाचून विचारावेसे वाटले की, तिथे जमिनीची मूळ मोजणी कशी झाली आणि तिच्या जुन्या टिपणांचा तुम्हाला उपयोग होतो का?

दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे, पण विचारतो. तुम्हाला पगार देणारी कंपनी, आणि त्या कंपनीला पैसे देणारा तोच खाणवाला, ज्याला परवानगी हवी आहे. आमच्याकडेही तातडीच्या मोजणीची फी अर्जदारच भरतो आणि हद्द आपल्या सोयीने निघावी अशी त्याची अपेक्षा असते. तुमच्याकडे हा दबाव कसा पेलतात?

गोदातीर (धागालेखिका)

मोजणीदार काका, तुमच्या साखळीच्या बरोबर दुप्पट, म्हणजे 66 फुटांची साखळी इकडे चालली. 80 साखळ्यांचा एक मैल. 1785 च्या जमीनविषयक अध्यादेशापासून सरकारी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत पाडण्याची पद्धत सुरू झाली. अशा प्रत्येक चौकोनाचे 36 सेक्शन, आणि एक सेक्शन 640 एकरांचा. एकोणिसाव्या शतकातले मोजणीदार साखळी ओढत जाताना झरा, गाडीवाट, कोणाची झोपडी, जे लागेल ते वहीत टिपत गेले. आम्ही मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी ही टिपणे आणि त्यांवरून काढलेले नकाशे वाचतो. नकाशात गाडीवाट दाखवली आहे आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी सेजब्रशच्या झुडपांतून तिच्या दोन चाकोऱ्या अजून पुसट दिसत आहेत, असे मी दोनदा पाहिले आहे. सेक्शनच्या कोपऱ्यांवर बसवलेल्या पितळी टोप्यांना आम्ही हात लावत नाही. तुमच्या हद्दीच्या दगडांसारखाच त्यांचा मान आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका अनुभवाने देते. कंपनीचे नाव लिहिणार नाही. एका हिवाळ्यात मुदत जवळ आली होती आणि उताराच्या एका भागावर बर्फ साचले होते. व्यवस्थापकांनी ओळीतले अंतर 45 मीटर करायला सांगितले. चालताना अंतर वाढवणे ही एक गोष्ट झाली. अहवालात ते 30 च लिहिले जाणार आहे, हे मला नंतर कळले. मी माझ्या दैनंदिनीत त्या दिवसाचे खरे अंतर आणि जमीन किती टक्के दिसत होती हे लिहिले होते, आणि ते पान मी प्रकल्पाच्या प्रमुख पुरातत्त्वज्ञांना दाखवले. बर्फ वितळल्यावर तो उतार पुन्हा चालला गेला. त्या कंपनीने मला पुढच्या हंगामाला बोलावले नाही. दबाव असतो, हे मान्य केलेच पाहिजे. त्याला अडवण्यासाठी सरकारी खात्यातले पुरातत्त्वज्ञ अहवाल तपासतात, राज्याचे वारसा कार्यालयही पाहते. पण मैदानात त्या दिवशी काय घडले, हे त्यांना आमच्या कागदावरूनच कळते.

पाइनछाया

मी जॉर्जियातल्या राष्ट्रीय वनांत हेच काम काही वर्षे केले आहे, म्हणून थोडी भर घालतो. पूर्वेकडे जमीन पाचोळ्याखाली असते आणि चालून काही दिसत नाही. त्यामुळे ठरावीक अंतरावर फावड्याने लहान खड्डे घ्यायचे, माती पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळायची, थरांचे रंग लिहायचे आणि खड्डा बुजवून पुढच्या खुणेकडे जायचे. आमच्याकडे रिकाम्या खड्ड्यालाही क्रमांक असतो. धागालेखिकेने ‘काही नाही’ या नोंदीबद्दल जे लिहिले आहे ते मला अगदी जवळचे वाटले, कारण एका हंगामात माझ्या वहीत सलग इतके रिकामे खड्डे होते की, मी चाळायला कंटाळा करतो की काय, अशी शंका माझी मलाच येऊ लागली होती.

दख्खनपठार

माझा एक मूलभूत आक्षेप आहे. आम्ही विद्यार्थी असताना गोदावरी-प्रवरेच्या काठाने सर्वेक्षण केले, तेव्हा पृष्ठभागावरची खापरे आणि अश्मास्त्रे कापडी पिशव्यांत भरून, चिठ्ठी घालून विभागात आणत असू. त्यांवर पुढे अनेकांनी काम केले. तुम्ही मात्र झेंडी टोचता, चित्र काढता आणि वस्तू तिथेच ठेवून निघून जाता. उद्या एखादा हौशी माणूस ती खिशात घालून नेईल. मग जतन कशाचे झाले?

गोदातीर (धागालेखिका)

आक्षेप योग्य आहे, आणि तुम्ही म्हणता तसे घडतेही. तीन वर्षांपूर्वी नोंदलेल्या एका साइटवर आम्ही परत गेलो होतो. जुन्या नकाशात दाखवलेल्या चार बाणाग्रांपैकी एकही जागेवर नव्हते. आजूबाजूचे छिलके मात्र जसेच्या तसे होते, म्हणजे निवडून नेले होते. त्या चारांपैकी एकाचे रेखाटन मी स्वतः केले होते. माझ्या पेन्सिलीने उमटलेली त्याची डावी धार, मोडलेला खालचा कोपरा आणि 31 मिलिमीटर ही लांबी, एवढेच आता शिल्लक आहे. सार्वजनिक जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्याशिवाय उचलणे हा 1979 च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. याच कारणासाठी साइटचे नेमके ठिकाण जनतेसमोर उघड केले जात नाही. मीही या धाग्यावर कोणत्याही खोऱ्याचे नाव लिहिणार नाही.

तरीही वस्तू जागेवर ठेवणे मला पटत गेले. पिशवीतला छिलका काय आहे ते सांगतो, पण तो शेजारच्या छिलक्यापासून किती अंतरावर आणि उताराच्या कोणत्या अंगाला होता, हे फक्त जागाच सांगते. ऑब्सिडियनच्या रासायनिक घटकांवरून तो कोणत्या डोंगरातून आणला हे आज क्ष-किरणांनी ओळखता येते. त्या तंत्राची कल्पनाही नसताना उचलून गोदामात मिसळलेल्या पेट्यांचा मात्र फारसा उपयोग होत नाही. शिवाय सर्वेक्षण हा निर्णय नव्हे. साइट महत्त्वाची ठरली तर रस्ता वळवला जातो, आणि वळवता येत नसेल तर रीतसर उत्खनन होते.

याहून मोठे कारण म्हणजे या वस्तू ज्यांच्या पूर्वजांच्या आहेत ती माणसे आजही इथेच राहतात. 1992 च्या दुरुस्तीनंतर कलम 106 च्या प्रक्रियेत आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलतीला स्पष्ट स्थान मिळाले, आणि 1990 च्या कायद्याने संग्रहालयांतले मानवी अवशेष व दफनातल्या वस्तू परत करण्याचा मार्ग घालून दिला. एका प्रकल्पात शोशोनी समाजातल्या एक वयस्क बाई निरीक्षक म्हणून आमच्याबरोबर होत्या. दिवसभर त्या आमच्या मागून चालल्या. संध्याकाळी त्यांनी माझा भरलेला तक्ता वाचायला मागितला आणि ‘सोडून दिलेली वस्ती’ या शब्दांवर बोट ठेवले. आमच्या माणसांनी ही जागा सोडलेली नाही, आम्ही अजून इथे पाइनच्या बिया गोळा करायला येतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मी तो शब्द खोडला. तेव्हापासून तो शब्द मी कोणत्याही तक्त्यात वापरलेला नाही.

कातळफूल

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पे शोधणाऱ्यांपैकी एक आहे. 2022 साली ही शिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, तेव्हा आनंद झाला. पण आमची स्थिती अशी आहे की, घोषित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र कायद्याने मिळते, मात्र जो सडा घोषितच झालेला नाही त्याला त्या मीटरांचा काही आधार नाही. बहुतेक सडे खासगी मालकीचे. आज गुरे चरतात, उद्या तिथे चिरेखाण सुरू होऊ शकते.

हा धागा वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आम्ही सापडलेल्या प्रत्येक चित्राची नोंद ठेवली. माप, छायाचित्र, जीपीएस सर्व काही. पण कोणता सडा आम्ही पुरा चाललो आणि तिथे काही मिळाले नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. आठ-दहा वर्षांची पायपीट केवळ आमच्या आठवणीत आहे. नव्या मुलांनी विचारले की अमुक सडा झाला का, तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

गोदातीर (धागालेखिका)

कातळफूल, तुमचा प्रतिसाद वाचून मी हा धागा काढल्याचे समाधान वाटले. कृपया हे आजपासून सुरू करा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फोनवर चाललेल्या वाटेची रेषा साठवा, आणि त्या रेषेबरोबर तारीख, माणसे किती, दोघांत अंतर किती, गवत किती वाढलेले होते आणि ऊन कोणत्या बाजूने होते, एवढे लिहा. तुमच्याकडे शेवटच्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. कातळातली उथळ रेघ तिरक्या उन्हात दिसते आणि माध्यान्ही दिसेनाशी होते. पावसाळ्यानंतर गवत उभे असताना चाललेला सडा ‘पाहिलेला’ म्हणता येणार नाही. म्हणून नुसते ‘नाही’ लिहू नका. कोणत्या परिस्थितीत पाहिले आणि दिसले नाही, ते लिहा. आठवणीतल्या जुन्या वाटाही नकाशावर वेगळ्या रंगाने काढून ठेवा, मात्र त्यांना आठवणीतल्याच म्हणा.

मोजणीदार

कातळफूल यांना सुचवावेसे वाटते की, गावनकाशावर गट क्रमांकांनिशी हे काम केले तर पुढे तलाठी आणि ग्रामपंचायतीलाही समजेल. जमीनमालकाला आधी विचारा आणि काम झाल्यावर नकाशाची एक प्रत त्यालाही द्या. मी संगमेश्वरजवळ राहतो. हाताशी वेळ आहे. नकाशे जुळवून द्यायला मी येईन.

ओसाडवाट

मी पुण्यात पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, माझ्यासारख्या मुलीला तिथे हे काम मिळू शकेल का? घरच्यांना उन्हाची, सापांची आणि एकटेपणाची काळजी वाटते. त्यांना काय सांगू?

गोदातीर (धागालेखिका)

खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी खात्यांत पुरातत्त्व टेक्निशियनच्या हंगामी जागा निघतात, बहुधा जीएस-5 या सरकारी वेतनश्रेणीच्या. पण त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व लागते. खासगी कंपन्यांत ती अट नसते, मात्र काम करण्याचा परवाना असावा लागतो आणि हंगामी कामासाठी कंपनी व्हिसाची खटपट क्वचितच करते. मला ग्रीन कार्ड असल्यामुळे हे जमले. इथल्या विद्यापीठात शिकायला येणार असलीस तर पहिल्याच उन्हाळ्यात फील्ड स्कूल, म्हणजे प्रत्यक्ष मैदानात शिकवणारा अभ्यासवर्ग, कर, कारण पदवीबरोबर तो अनुभव जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत मागितलेला असतो. काम हंगामी आहे. हिवाळ्यात दोन-तीन महिने हात रिकामे राहतात. सलग आठ किंवा दहा दिवस काम, मग सुटी, आणि मुक्काम मोटेलमध्ये किंवा तंबूत. पगाराव्यतिरिक्त रोजचा भत्ता मिळतो. संसार आणि हे वेळापत्रक यांचा मेळ घालणे सोपे नाही, हे घरच्यांना अवश्य सांग.

सापांपेक्षा मला धुळीची भीती जास्त वाटते. 2001 साली युटातल्या डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंटमध्ये एका पुरातत्त्वीय जागेवर काम करणाऱ्या दहा जणांना मातीतल्या बुरशीमुळे होणारा व्हॅली फीव्हर झाला होता. वाऱ्याच्या दिवशी माती चाळताना योग्य मास्क लाव. जुन्या झोपडीत किंवा कपारीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू नकोस, कारण हंटा विषाणू त्या धुळीतून श्वासात जातो. पाणी तहान लागण्याआधी प्यायचे. पथकात एकटीने डोंगराआड जायचे नाही आणि कोणी जायला सांगितले तर स्पष्ट नकार द्यायचा. माझ्या पहिल्या पथकप्रमुखांनी हे मला पहिल्या दिवशी सांगितले होते.

व्हिसाचे काय होईल ते होवो, पावलांनी अंतर मोजण्याची एक तयारी तू पुण्यातच करू शकतेस. टेप घेऊन मैदानात 100 मीटर आखून घे आणि तुझी किती पावले होतात ते दहा वेळा मोज. मग वेताळ टेकडीच्या चढावर मोज, उतारावर मोज, आणि संध्याकाळी दमल्यावर पुन्हा मोज. माझी सपाटीवर 132 होतात आणि दिवसाच्या शेवटी 140 च्या पुढे जातात. तुझे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.